उंच केलेल्या जीपचा उपटलेला शॉक माउंट : एक प्रकरण अभ्यास

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर राधानगरी भागातील एका शेतकऱ्याची महिंद्रा एमएम ५४० जीप कॅरिअरवर चढवून कोल्हापूरच्या उद्यमनगरातील माझ्या शेडमध्ये आणण्यात आली. मागच्या उजव्या बाजूच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा वरचा माउंट, म्हणजे त्याला धरून ठेवणारी पट्टी, चासीपासून (गाडीच्या लोखंडी सांगाड्यापासून) सुटला होता, आणि सुटताना तो चासीच्या उभ्या भिंतीचा तळहाताएवढा तुकडा सोबत घेऊन गेला होता. मालकांनी तो तुकडा गोणपाटात गुंडाळून जपून आणला होता. त्यांची मागणी साधी होती : "मिस्त्री, होता तसाच परत जोडून द्या, शनिवारी गाडी न्यायची हाय." ती मागणी मी मान्य केली नाही. ज्या आकाराचा माउंट एकदा उपटला, तोच आकार त्याच जागी अधिक जाड पत्र्याने आणि अधिक वेल्डिंगने बसवला, तर पुढच्या वेळी तळहाताऐवजी वीतभर चासी जाते, हे मी या धंद्यात पाहिलेले आहे.

काम हाती घेण्यापूर्वी एक गोष्ट लेखी ठरवून घेतली. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ च्या जानेवारीत हीच भूमिका स्पष्ट केली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. ही जीप खासगी रानात आणि ऑफ-रोडच्या आखलेल्या मार्गावरच चालते आणि तिथपर्यंत कॅरिअरवरूनच जाते, अशी खात्री झाल्यावरच मी हात लावला. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीवर असले काम मी घेत नाही.

जीपचा पूर्वेतिहास असा. मूळ रचनेत या गाडीचे पाटे (थराथरांच्या लोखंडी स्प्रिंगा) अ‍ॅक्सलच्या खालून जातात. दोन वर्षांपूर्वी एका कारखान्यात अ‍ॅक्सलच्या वर नव्या बैठका वेल्ड करून पाटे अ‍ॅक्सलच्या डोक्यावर घेतले गेले. अ‍ॅक्सलच्या नळीचा व्यास, पाट्यांच्या थराची जाडी आणि बैठकीची उंची मिळून चासी सुमारे १२५ मिमी वर आली आणि ३१ इंची टायर बसले. इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो मालकांचाही होता : पाटे वर घेतल्याने चासी उंच होते, पण अ‍ॅक्सलच्या मध्यावरचा डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून होता तिथेच राहतो. तो वर येतो फक्त टायरच्या वाढलेल्या व्यासाने, आणि तोही वाढीच्या निम्म्याने. पाटे वर घेण्याचा खरा उपयोग मोठ्या टायरला जागा मिळावी आणि चाकाची हालचाल वाढावी यासाठी असतो. या गाडीत टायरला जागा मिळाली होती, पण वाढलेल्या हालचालीचा हिशेब कोणी केला नव्हता.

तपासणी

तुटलेला तुकडा ब्रशने घासून, डिझेलने धुऊन उन्हात पाहिला. तुटीच्या कडेचा साधारण दोन तृतीयांश भाग गंजून तपकिरी झाला होता आणि त्यावर, ओढ्याचे पाणी ओसरताना वाळूवर उठतात तशा, एकाआड एक बारीक वक्र रेषा होत्या. उरलेला भाग ताजा, करडा आणि खरखरीत होता. म्हणजे तडा फार पूर्वी पडलेला होता, तो प्रत्येक फेरीत थोडाथोडा पुढे सरकत राहिला, आणि शेवटच्या दिवशी फक्त उरलेली एक तृतीयांश जाडी फाटली. तड्याची सुरुवात नेमकी कुठे झाली तेही दिसत होते. जुना माउंट म्हणजे १० मिमी जाडीची सपाट पट्टी होती, ती चासीच्या उभ्या भिंतीवर आणि खालच्या आडव्या पट्टीवर चारी बाजूंनी वेल्ड केलेली होती. खालच्या पट्टीच्या काठाला आडव्या गेलेल्या वेल्डच्या पायथ्याशी वेल्डने मूळ लोखंड खाऊन बारीक खाच पाडली होती. चासी वाकते तेव्हा सर्वाधिक ताण तिच्या वरच्या आणि खालच्या पट्टीच्या काठांवर येतो, आणि तिथेच आडवी खाच पडली तर तड्याला वेगळे आमंत्रण लागत नाही. गंज काढून मोजल्यावर चासीची भिंत साडेतीन मिमी भरली. साडेतीन मिमीच्या भिंतीला १० मिमीची ताठ पट्टी चिकटवली की वाकण्याचे सगळे काम पट्टीच्या काठाला लागून असलेल्या अरुंद रेषेवर येते.

परंतु वेल्डचा दोष हे कारण अर्धेच होते. तडा कुठून गेला ते कळले, पण त्याला ढकलणारा भार कुठून आला हा प्रश्न उरला. शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे काम पाट्यांची उसळी शमवण्याचे असते, गाडीचे वजन पेलण्याचे नव्हे. चालताना त्याच्या माउंटवर येणारा जोर एवढी चासी फाडणारा नसतो.

याचे उत्तर गाडीखाली आडवे झाल्यावर मिळाले. अ‍ॅक्सलच्या वर, चासीच्या खालच्या अंगाला, आघात झेलण्यासाठी जो रबरी ठोकळा असतो त्यावर कुंभारमाशीने मातीचे घर बांधले होते आणि ते अखंड होते. गाडी दोन वर्षे खडकांतून, ओढ्यांतून उड्या मारत होती, आणि त्या ठोकळ्याला अ‍ॅक्सल एकदाही टेकला नव्हता. गाडी सपाटीवर उभी असताना अ‍ॅक्सल आणि ठोकळा यांतले अंतर मोजले : १६५ मिमी. मग उजवा शॉक काढून बाकावर दाबून पाहिला. सपाटीवरच्या स्थितीपासून तो केवळ ७० मिमी दबून थांबत होता, आणि तो काहीसा कलता बसवलेला असल्याने अ‍ॅक्सलच्या हालचालीत ते अंतर सुमारे ७५ मिमी होते. त्याच्या खालच्या डोळ्यातील रबरी बुश एका बाजूने चेपून अंडाकृती झाला होता. चासी १२५ मिमी वर उचलताना रबरी ठोकळाही तिच्यासोबत तेवढाच वर गेला, आणि शॉक मात्र ७५ मिमीतच तळाला टेकू लागला. प्रत्येक मोठ्या खड्ड्यात गाडीचा आघात ठोकळ्याऐवजी शॉक झेलत होता.

हा फरक किती मोठा आहे ते मालकांना कागदावर दाखवले. त्या कोपऱ्यावर ३०० किलो वजन आहे आणि पाटे दबून झाल्यावरही ते सेकंदाला दीड मीटर वेगाने खाली येत आहे असे धरू. त्यातील ऊर्जा साधारण ३३८ जूल होते. ही ऊर्जा रबरी ठोकळ्याने ४० मिमी दबून शोषली तर सरासरी जोर सुमारे ८६० किलोचा होतो. तीच ऊर्जा लोखंडाला लोखंड भिडून, बुश आणि पत्रा मिळून १० मिमीत थांबवावी लागली तर जोर साडेतीन टनांजवळ जातो. हा आकडा ढोबळ आहे, पण वाढ चौपट आहे, आणि हा जोर एका पट्टीवर, एका बोल्टवर, एकाच बाजूने टांगलेल्या अवस्थेत पडत होता. कागद पाहिल्यावर मालकांनी शनिवारचा विषय पुन्हा काढला नाही.

आधी मोजमाप, मग पत्रा

माझ्या मते अशा कामात माउंट ही सर्वांत शेवटी ठरणारी गोष्ट आहे. चाक किती वर जाणार, किती खाली लोंबणार, वरच्या टोकाला त्याला कोण थांबवणार आणि खालच्या टोकाला कोण, ही चार उत्तरे आली की माउंटची जागा आपोआप ठरते. उलट क्रमाने गेले तर आपण पत्र्याच्या सोयीने चाकाला जागा देऊ लागतो.

दोन्ही बाजूंच्या पाट्यांतील मुख्य पाटा ठेवून बाकीचे काढले, म्हणजे अ‍ॅक्सल एका जॅकवर सहज वरखाली होऊ लागला. चासी घोड्यांवर, पाणसळ लावून सपाट ठेवली. अ‍ॅक्सलच्या मध्यावरून आणि चासीच्या दोन्ही बाजूंवरून ओळंबे सोडून फरशीवर खुणा केल्या. वरच्या बाजूला ९० मिमी गेल्यावर टायर मडगार्डच्या आतल्या कडेला भिडण्याच्या बेतात येत होता, म्हणून तीच वरची सीमा ठरवली. खालच्या बाजूला ११० मिमीनंतर शॅकल (पाट्याचे टोक चासीला जोडणारी हलती कडी) उलटण्याच्या दिशेने जात होता, म्हणून तिथे नायलॉनचा पट्टा बांधून अ‍ॅक्सल रोखायचे ठरले. ब्रेकची रबरी नळी तोवर ताणली जात असल्यामुळे लांब नळी घातली.

म्हणजे अ‍ॅक्सलची एकूण हालचाल २०० मिमी. शॉक उभ्या रेषेपासून १५ अंश कलता ठेवला तर त्याला यातील १९३ मिमी चालावे लागते. पूर्ण दबलेली लांबी ३५५ मिमी आणि पूर्ण ताणलेली ५७५ मिमी असलेला, म्हणजे २२० मिमी चालीचा शॉक मिळाला. वरच्या सीमेवर १५ मिमी आणि खालच्या सीमेवर १२ मिमी शिल्लक राहावे अशा बेताने सपाटीवरची लांबी ४५७ मिमी ठरली. ही एक संख्या हातात आली तेव्हा कुठे माउंटचे काम सुरू करण्यात अर्थ होता.

शॉक अधिक आडवा घालून लांबीची अडचण सोडवावी, असा सल्ला शेडमध्येच कोणीतरी दिला, आणि अशी कामे बाहेर पुष्कळ होतात. तो मी नाकारला. शॉक कलला की अ‍ॅक्सलच्या प्रत्येक हालचालीमागे तो कमी चालतो, आणि जेवढा जोर तो देतो त्यातलाही एक भागच उभ्या दिशेत कामाला येतो, त्यामुळे तोटा दुहेरी होतो. ३० अंशांवर तीन चतुर्थांश परिणाम उरतो, ४५ अंशांवर निम्मा. १५ अंशांवर मात्र ९३ टक्के हाती राहतो.

रबरी ठोकळ्याचे काम त्यानंतर केले, आणि माझ्या दृष्टीने या संपूर्ण दुरुस्तीचा गाभा तोच होता. अ‍ॅक्सल ५० मिमी वर गेला की रबर टेकावे आणि पुढच्या ४० मिमीत दबावे, यासाठी १६५ मिमीचे अंतर ५० वर आणायचे होते. चौकोनी नळीचे ११५ मिमीचे तुकडे कापून, वरच्या तोंडाला चासीच्या जुन्या भोकांत बसणारी पट्टी आणि खालच्या तोंडाला ठोकळ्याची बैठक देऊन ते बोल्टने बसवले. समोर अ‍ॅक्सलवर टेकण्यासाठी सपाट बैठक लावली, नाहीतर रबर गोल नळीवरून घसरते.

माउंटची घडण

चासीचे भगदाड बुजवण्याआधी तड्याची खरी टोके शोधणे आवश्यक होते. तड्यात शिरणारा लाल रंग शिंपडून, पुसून, पांढरी पावडर फवारल्यावर डोळ्यांना दिसणाऱ्या तड्याच्या पुढे आणखी १४ मिमीपर्यंत लाल रेघ उमटली. ती तशीच सोडली असती तर नव्या पट्टीखाली तडा वाढत राहिला असता. रेघेच्या टोकाला ६ मिमीचे भोक पाडले, तडा ग्राइंडरने व्ही आकारात उघडला, भिंतीच्याच जाडीचा तुकडा बसवून वेल्ड केला आणि वेल्ड घासून सपाट केले. त्यावर ५ मिमीची, कोपरे गोलाकार केलेली पट्टी केवळ उभ्या भिंतीवर लावली. वरच्या आणि खालच्या आडव्या पट्टीपासून १५ मिमी अंतर सोडले आणि त्या पट्ट्यांच्या काठाला वेल्डचा एक थेंबही लागू दिला नाही.

वरचा माउंट दोन सुट्या पट्ट्यांचा न करता चासीच्या दोन्ही बाजू जोडणारी ४२ मिमी व्यासाची, ४ मिमी भिंतीची एकच आडवी नळी घेतली. शॉकचे कान तिच्यावर बसतात, त्यामुळे पट्टीला पिळून काढणारा जोर नळी पेलते आणि चासीच्या भिंतीवर केवळ उभा भार जातो. ही नळी चासीला वेल्ड करावी की बोल्टने जोडावी, यावर बराच विचार केला. उघड्या चॅनेलची जुनी चासी खडकावर थोडी पिळवटते, तिची ती प्रकृतीच आहे, आणि मध्येच एक ताठ नळी वेल्डने जखडली तर पिळवटीचा सगळा ताण त्या वेल्डच्या टोकांवर जाऊन बसतो. म्हणून नळीच्या दोन्ही टोकांना पट्ट्या वेल्ड करून त्या चासीच्या भिंतीला प्रत्येकी चार, १०.९ दर्जाच्या १० मिमी बोल्टनी बांधल्या.

खालचे कान ६ मिमीच्या पत्र्यातून कापले आणि जोडीजोडीने एकत्र धरून कानशीने सारखे केले. भोक आधी पाडून मग कान लावले तर वेल्डच्या ओढीने दोन भोके एका रेषेत राहत नाहीत. म्हणून कान, बुशची नळी आणि १२ मिमीचा बोल्ट असे सगळे जोडूनच टॅक (वेल्डचे तात्पुरते ठिपके) मारले. बोल्ट दोन्ही बाजूंनी धरलेला असला की तो वाकत नाही आणि कातरणारा भार दोन छेदांत वाटला जातो. जुन्या माउंटमध्ये तो एका बाजूने लोंबत होता.

इथे माझ्याकडून एक चूक झाली, ती नोंदवणे आवश्यक आहे. खालच्या कानांची जागा मी अ‍ॅक्सलची दोन्ही टोके एकत्र वरखाली करून ठरवली होती. टॅक झाल्यावर एक चाक वर आणि दुसरे खाली अशी स्थिती तपासली, तेव्हा अ‍ॅक्सल तिरका होऊन उजव्या शॉकचे शरीर यू-क्लॅम्पच्या (पाटा अ‍ॅक्सलला आवळणाऱ्या यू आकाराच्या बोल्टच्या) नटला घासले. खडकात गाडी बहुतेक वेळा याच स्थितीत असते, आणि ती मी आधी पाहायला हवी होती. दोन्ही बाजूंचे टॅक कापून कान १८ मिमी आत सरकवले आणि दोन्ही तिरक्या टोकांना बोट फिरेल एवढी जागा आहे याची खात्री करून घेतली. पूर्ण वेल्ड केले असते तर नळी घासून, तापवून पुन्हा घडवावी लागली असती. टॅक मारून थांबण्याची सवय त्या दिवशी कामी आली.

वेल्डिंगसाठी मिगऐवजी (वायूच्या आवरणात तारेने होणाऱ्या वेल्डिंगऐवजी) ७०१८ जातीचा ३.१५ मिमी रॉड वापरला. जूनच्या वाऱ्यात उघड्या शेडमध्ये मिगचा वायू उडून जातो आणि वेल्डमध्ये छिद्रे राहतात. ७०१८ चे पथ्य मात्र वेगळे आहे : त्याला दमट हवा चालत नाही, आणि आमच्याकडे मृग लागला की उघड्या पाकिटातील रॉड दोन दिवसांत ओलावा धरतात. सगळे रॉड भट्टीत तापवून घेतले आणि एका वेळी चार-पाचच बाहेर काढले. अर्थिंगचा चिमटा प्रत्येक वेळी वेल्डच्या अगदी शेजारी लावला, कारण तो दूर लावला तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि गोळ्यांवर डाग पाडतो.

अ‍ॅक्सलच्या नळीवर वेल्ड करताना आतले शाफ्ट आणि ऑइल सील आधी काढून ठेवले. एका वेळी २५ मिमीपेक्षा लांब वेल्ड टाकला नाही. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, आणि दरम्यान नळीवर उघडा हात ठेवता येईपर्यंत वाट. या वाट पाहण्यातच अर्धा दिवस गेला. नळीला ताणलेली तार लावून आधी आणि नंतर मोजले, आणि शेवटी दोन्ही शाफ्ट हाताच्या जोराने, न अडखळता आत गेले तेव्हा नळी सरळ राहिल्याचे समाधान वाटले.

पाट्यांच्या बैठका जुन्याच ठेवल्या, पण त्यांचा कोन तपासला. ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला जोर वाटून देणाऱ्या पेटीचा) मागचा शाफ्ट ३ अंश खाली झुकलेला होता आणि पिनिअन, म्हणजे डिफरन्शियलमध्ये जोर नेणारा दातेरी शाफ्ट, ६ अंश वर पाहत होता. या दोहोंना जोडणाऱ्या, दोन्ही टोकांना एकेरी क्रॉसचा सांधा असलेल्या प्रोपेलर शाफ्टमध्ये हे दोन कोन सारखे लागतात, नाहीतर प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग कमीजास्त होऊन गाडी थरथरते. शिवाय जोर लागला की पाटे पिळून पिनिअन आणखी वर उचलला जातो. बैठक आणि पाटा यांमध्ये ४ अंशांची लोखंडी पाचर, जाड बाजू पुढे ठेवून, घातली आणि पिनिअन २ अंशांवर आणला. यू-क्लॅम्प नवे घेतले. एकदा ताणलेले क्लॅम्प पुन्हा वापरण्यातली काटकसर मला पटत नाही.

चाचणी आणि नंतरची पाहणी

पाटे परत बसवून, गाडीत मालक आणि चार पोती सिमेंट ठेवून, एक मागचे चाक लाकडी फळ्यांच्या चढावर चढवले. शॉकच्या उघड्या दांड्यावर घट्ट बसणारी रबरी रिंग सरकवून ठेवली होती आणि रबरी ठोकळ्याच्या तोंडाला खडू फासला होता. नंतर शेडमागच्या मोकळ्या जागेत गाडी दोन फुटी बांधावरून मुद्दाम जोरात उतरवली. खडू अ‍ॅक्सलच्या बैठकीवर पूर्ण उमटला होता, आणि रिंग शॉकच्या तळापासून १८ मिमी अलीकडे थांबली होती. बेत १५ मिमीचा होता. डाव्या बाजूलाही तेच आढळले.

शंभर किलोमीटर फिरल्यावर यू-क्लॅम्पचे नट पुन्हा आवळले, ते पाव फेरा गेले. पावसाळ्यानंतर, चार मोहिमा करून गाडी परत आली तेव्हा चासीच्या पट्टीवर आणि नळीच्या टोकांवर पुन्हा लाल रंग टाकून पाहिला, रेघ उमटली नाही. शॉकचे बुश गोल होते. उजवा रबरी ठोकळा मात्र कडेने फाटला होता आणि त्याचा चघळल्यासारखा झालेला तुकडा मालकांनी पुन्हा गोणपाटात गुंडाळून आणला होता. तो दोन बोल्ट काढून बदलायला वीस मिनिटे लागली.